ठेवलेला कोट

आमच्या घरात पूर्ण किंमत देऊन आलेली एकही वस्तू नव्हती. मला धरून. मी जिथे जन्मले ते प्रसूतिगृह तेव्हा नुकतंच उघडलं होतं आणि पहिल्या महिन्यात निम्मंच बिल घेत होतं, हे बाबा आजही अभिमानाने सांगतात. आई म्हणते, तिची तारीख खरं तर पुढच्या महिन्यातली होती. सवलत संपत आली तसे बाबा तिला रोज संध्याकाळी लांबवर चालायला न्यायला लागले.

बाबा पाणीपुरवठा खात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. त्यामुळे अख्खं शहर त्यांच्या पायाखालचं. कुठली बेकरी बंद व्हायच्या आधी उरलेले पाव निम्म्या किमतीत देते, कुठल्या फळवाल्याचा माल सोमवारी संपत नाही, कुठल्या दुकानात शोकेसमधले उन्हाने विटलेले बूट स्वस्तात मिळतात, सगळं त्यांना तोंडपाठ. कॉलेजात असताना माझा डावा बूट उजव्यापेक्षा फिका होता. उजवा सावलीत होता म्हणे. मैत्रिणींना मी सांगायचे की तशी फॅशन आहे, आणि त्यातल्या दोघींनी ते खरं मानलं.

निवृत्त झाल्यावर तर त्यांनी हे पूर्णवेळच हाती घेतलं. बिल्डिंगमधले लोक सल्ल्याला यायचे. "काका, पंखा घ्यायचाय." बाबा डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा." लोक घामाघूम होऊन थांबायचे, पण थांबायचे. बाबांच्या शब्दाला मान होता.

आता आमच्या घरातली खास पद्धत सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. आम्ही दुकानात वस्तू घेत नाही, आम्ही ती 'ठेवतो'. म्हणजे पसंत पडलेली वस्तू त्याच दुकानात अशा ठिकाणी दडवायची, की सेल लागेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. ब्लाउज असेल तर पुरुषांच्या पायजम्यांखाली. चादर असेल तर पायपुसण्यांच्या मागे. यात चोरी नाही, फसवणूक नाही. वस्तू दुकानातच राहते, नुसती घर बदलते. बाबा त्याबाबतीत फार कडक. दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर ते उन्हातान्हात परत नेऊन देतील. आणि ठेवण्याचा त्यांचा एक नियम होता: ठेवलेल्या वस्तूची जागा कुणालाही सांगायची नाही. "ज्याला सांगाल, तो बघायला जातो. तो बघायला गेला, की विकणारी बघते."

तर मला नोकरी लागली. एका लांबच्या शहरातल्या हॉस्पिटलात, एक्स-रे काढायची. तिकडे थंडी अशी, की नळातलं पाणी गोठतं. मी घरी हे सांगितलं तेव्हा आईचे डोळे भरले, दादाने पाठीवर थाप मारली आणि बाबा म्हणाले, "पाणी गोठतं? मग मीटर कसा फिरतो?"

तेवढंच. त्यावर दुसरा शब्द नाही. लेक घर सोडून चालली आहे याचं त्यांना काही आहे की नाही, हे मला कळेना, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला राग आला होता. कुणी रडून गोंधळ घालावा असं नाही, पण माणसाने एकदा तरी "जाऊ नकोस" म्हणावं. गेले असतेच मी. पण म्हणावं.

मला जाड कोट हवा होता. आम्ही बाजारपेठेतल्या त्या चार मजली दुकानात गेलो आणि पहिल्याच रांगेत तो मला दिसला. गडद हिरवा, मोठ्या बटणांचा, आत मऊ अस्तर. मी अंगात घातला आणि काढावासाच वाटेना. आई म्हणाली, "अगंबाई, किती शोभतोय!" बाबांनी किमतीची चिठ्ठी उलटली, वाचली आणि एखाद्याची जखम झाकावी तशी परत उलटी केली.

"महिनाअखेरीला सेल लागतो," ते म्हणाले. "दरवर्षी लागतो. तुझी गाडी गुरुवारी संध्याकाळी. सेल लागेल मंगळवारी. ठेवू या."

ते कोट घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. कुठे ठेवला, कुणी विचारलं नाही.

मग घरात नवीनच दिनक्रम सुरू झाला. बाबा रोज सकाळी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून कोट बघायला जायचे. येताना चेहरा प्रसन्न. जेवताना आई विचारायची, "बरा आहे का?" बाबा म्हणायचे, "बरा आहे." शेजारणीला वाटलं आमचं कुणीतरी दवाखान्यात आहे. ती फळं घेऊन आली. आम्ही खाल्ली.

सोमवारी दुकानावर मोठा फलक लागला: सेल शनिवारपासून.

बाबा तो फलक वाचून घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. शेवटी म्हणाले, "तिकीट रविवारचं करता येईल का?"

"नाही येणार, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच काढलंत ते. बदलता येत नाही, रद्द करता येत नाही, म्हणून तर स्वस्त होतं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई भिंतीकडे बघून म्हणाली.

"शनिवारी घेऊन पार्सल पाठवतो," बाबा म्हणाले.

"आणि तोवर मी काय पांघरू? सेलची जाहिरात?" माझा आवाज चढला. "एकदा, बाबा! आयुष्यात एकदा माझ्यासाठी काहीतरी हवं तेव्हा घ्या! स्वस्त झाल्यावर नाही!"

बाबांनी बूट काढले आणि काही न बोलता आत गेले. मला वाटलं, झालं, आता जाताना अबोला. दोन दिवस मी जुन्या बॅगेत कपडे कोंबत बसले, आणि प्रत्येक कपडा कोंबताना मनातल्या मनात भांडत होते.

गुरुवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चला. कोट घ्यायला."

"पूर्ण किमतीत?" दादाने विचारलं.

"जाहिरात करू नकोस," बाबा म्हणाले.

आम्ही चौघंही निघालो. असा प्रसंग पुन्हा येणार नव्हता. दुकानात शिरल्यावर बाबा थेट दुसऱ्या मजल्यावर गेले, पुरुषांच्या रेनकोटांच्या रांगेत, सगळ्यात मोठ्या मापाच्या टोकाला. हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

"नाही," ते म्हणाले. "काल नाही आलो. परवा इथेच होता."

"परवा कसा असेल?" आई एकदम बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"म्हणजे?"

"अहो, रविवारी तुमच्या मागून येऊन जागा बघितली आणि मीच हलवला. एखाद्या जाड्या माणसाला रेनकोट लागला असता तर? पडद्यांच्या मागे ठेवला. जास्त सुरक्षित."

"मग मी सोमवारपासून काय बघत होतो?"

"तिथलाच एक हिरवा रेनकोट मी त्या जागी लावला होता," आई म्हणाली. "बाही तेवढी दिसायची ना? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

पडद्यांच्या मागे कोट नव्हता. तिथे दादा नको इतका शांत उभा होता. चोराच्या मनात चांदणं.

"बोल," मी म्हटलं.

"बाही बाहेर लोंबत होती," दादा म्हणाला. "सोमवारी मी आईला पडदे बघायला घेऊन आलो होतो, तेव्हा दिसली. विकणारी इकडेच येत होती. मग मी म्हटलं, कुणाच्या बापाला सापडणार नाही अशा जागी ठेवू."

"बापाला सापडलाच नाही," बाबा म्हणाले. "कुठे?"

"प्रवासी बॅगांच्या विभागात. मोठी निळी बॅग होती, तिच्या आत. चेन लावून."

आम्ही जवळजवळ धावतच बॅगांच्या विभागात गेलो. निळी बॅग नव्हती. तिच्या जागी जमिनीवर स्वच्छ चौकोन होता आणि भोवती धूळ. माझी पाचावर धारण बसली. कोट कुणाच्या तरी घरी गेला होता, कदाचित दुसऱ्याच गावी, आणि मी संध्याकाळच्या गाडीने पातळ स्वेटर घालून बर्फात निघणार होते. मी दादाला इतकं बोलले, की उशी बघणाऱ्या दोन बायका उशा ठेवून आमच्याकडे बघायला लागल्या.

बाबा मात्र त्या चौकोनाकडे बघत होते.

"एका कोपऱ्यावर ओरखडा होता का रे तिला?" त्यांनी हळूच विचारलं.

"होता."

"मांडणीतला नग, निम्मी किंमत?"

"हो, पण तुम्हाला कसं..."

"मी घेतली," बाबा म्हणाले. "मंगळवारी. हिला जाताना देणार होतो. माळ्यावर आहे."

आई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"उघडून नाही बघितलीत?" मी ओरडले.

"नव्या बॅगेत कागदाचे बोळे असतात. जड लागली, म्हणून उलट खूश झालो. म्हटलं, माल दमदार आहे."

घरी येऊन माळ्यावरून बॅग काढली, प्लास्टिक फाडलं, चेन ओढली. आत हिरवा कोट घडी घालून शहाण्या बाळासारखा झोपला होता. मी तो छातीशीच धरला. दादा नाचला. आई हसत सुटली.

बाबा हसले नाहीत. "ही चोरी झाली," ते म्हणाले. "बाहेर पडताना दारातलं यंत्र ओरडलं होतं. पहारेकरी म्हणाला, बॅग उघडा. मी त्याला पावती दाखवली आणि वर चार गोष्टी सुनावल्या. म्हटलं, सभ्य माणसावर संशय घेता?"

"मग आता सोपं आहे," दादा म्हणाला. "हिला कोट नेऊ दे. शनिवारी आपण दुकानात जाऊ, त्याच मापाचा दुसरा कोट सेलच्या किमतीत विकत घेऊ आणि तिथेच ठेवून येऊ. त्यांचा कोट त्यांना मिळाला, पैसेही मिळाले. हिशोब चोख."

खोटं कशाला बोलू, बाबा डळमळले. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. ही युक्ती इतकी सुंदर होती, की त्यांच्यासारख्या माणसाला तिच्यावर पाणी सोडणं अवघडच. ते खोलीत एक चक्कर मारून आले. मग त्यांनी माझ्या हातातून कोट घेतला.

"चिमे, चल माझ्याबरोबर."

दारातून आत शिरताना यंत्र पुन्हा ओरडलं. पहारेकरी गोंधळला, आत येताना चोरी करणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. "परवा मी तुम्हाला बोललो, ते चुकलं माझं." तो म्हणाला, "तुम्ही कोण?" त्याला दिवसभरात इतके लोक बोलत असावेत, की कुणाचं काय लक्षात ठेवणार.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. बाबांनी कोट तिच्यासमोर ठेवला आणि पाकीट काढलं. तिने चिठ्ठी बघितली, इकडेतिकडे बघितलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाली, "काका, हा परवा शनिवारी सेलमध्ये जाणार आहे. जवळजवळ निम्म्यात. मी तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवते ना. शनिवारी सकाळी या आणि घेऊन जा."

मी बाबांकडे बघितलं. दुकानवालीनेच आपण होऊन आपल्यासाठी वस्तू ठेवावी, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न असणार. आजवर पायजम्यांखाली, पायपुसण्यांमागे दडवादडवी करण्यात हयात गेली, आणि आता ही पोरगी कोट स्वतः ठेवायला निघाली होती.

"नको," बाबा म्हणाले. "ती आज चालली आहे."

एवढं म्हणाले आणि थांबले. इतके दिवस गुरुवार म्हणजे त्यांच्या डोक्यात सेलच्या हिशोबातला दिवस होता, फार तर चुकीचा दिवस. तो मी जायचा दिवस आहे, हे त्या काउंटरवर, त्यांच्या स्वतःच्याच तोंडून त्यांनी बहुधा पहिल्यांदा ऐकलं. पाकीट उघडं राहिलं. आणि बाबा सरळ रडायला लागले, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, रुमाल शोधत. मी त्यांचा दंड धरला, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

ती मुलगी घाबरली. "काका, अहो, फारच महाग वाटतोय का? मी मॅनेजरना विचारून बघते, थोडं कमी..."

बाबांनी मान हलवली आणि पैसे तिच्यासमोर ठेवले.

"महाग नाही गं, बाळा," ते म्हणाले. "कमी करू नकोस."