व्हर्नाचे साठ नमुने

रोन्डाचा कंपनीवर इतका विश्वास, की तेवढा तिनं सख्ख्या नवऱ्यावरही ठेवला नव्हता. अमेरिकेतल्या पाड्यूका गावच्या गोधडीवाल्या बायकांना संगणकावर नमुने आखायचा कंपनीचा प्रोग्राम तिनंच शिकवला, तोही अकरा वर्षं फुकट. छातीवर कंपनीचा बिल्ला लावून ठणकावायची, "तुमचे नमुने कायम तुमचेच राहणार. लिहून देते!"

म्हणून मंगळवारी व्हर्नाचा फोन आला तेव्हा ती हसतच गेली. शहात्तरीची व्हर्ना गावातली नावाजलेली गोधडीकार. तिनं स्वतः रचलेले साठ नमुने तिच्या संगणकात, त्याच प्रोग्राममध्ये होते. सकाळी सिस्टिमनं आपणहून स्वतःला नवं करून घेतलं आणि आखणीचा प्रोग्रामच पुसून टाकला. पडद्यावर दोन ओळी: हा प्रोग्राम आम्ही बंद केला आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.

"आभार? मेल्यांनो, आभार कसले मानता?" रोन्डा भडकली. तिनं कंपनीला फोन लावला, बिल्ल्यावरचा नंबर सांगितला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, बंद म्हणजे सगळ्यांना बंद, शिक्षकांनाही हाच नियम.

व्हर्नाचा धाकटा भाऊ वेंडेल दुकानांच्या पाट्या करायचा, त्याही लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर. "फुकटचं ते पौष्टिक!" म्हणून रोन्डानं त्याची वर्षानुवर्षं टर उडवलेली. आज तोच आपला लॅपटॉप काखेत मारून आला. फायली उघडल्या खऱ्या, पण नुसती चित्रं निघाली. शिवणीची मापं कंपनीच्या कुलपातच राहिली.

"मापांशिवाय हा नुसता फोटो झाला," व्हर्ना म्हणाली. "यावरून कापड बेतू कसं?"

"मग कागदी साचे काढ ना, ताई."

तिथल्या बायका साचे जन्मात टाकत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात जपून लेकीला देतात. 'आता कशाला हा पसारा' म्हणत व्हर्नाचे डबे रोन्डानंच अंगणातल्या पिंपात रिकामे केले होते, आणि काडीही तिनंच ओढली होती.

"जाळले," व्हर्ना म्हणाली. "हिनं सांगितलं म्हणून."

"मिस व्हर्ना, मला फसवलं हो त्यांनी! देवाशपथ सांगते, केसानं गळा कापला माझा!"

"तुझा?"

व्हर्नानं थरथरते हात मांडीवर घट्ट धरले. त्या हातांनी आता सरळ रेघ ओढवत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

वेंडेल खाकरला. "ताई, तुझ्या मशीनवरही लिनक्सच घालू या. त्यातलं कुणाला दुरून पुसता येत नाही, आणि फायली कुणाच्याही परवानगीवाचून उघडतात. चित्रांवरून अंदाजानं मी मापं बसवत जाईन, जमतील तेवढी."

रोन्डानं खुर्ची पुढे ओढून कीबोर्डवर हात ठेवला. "मी करते ना! दोन दिवसांत शिकेन, मग तुम्हाला अगदी पहिल्यापासून..."

"नको गं," व्हर्ना म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "वेंडेल करेल. तू बस हवं तर. हात तेवढा लावू नकोस."

रोन्डानं हात मागे घेतला.