शुक्रवारचं भांडं

गुड्रुन टॉलेफसनबाई सुनेच्या स्वयंपाकघरात आल्या, की कोट काढण्याआधी ओट्यावरून एक बोट फिरवत आणि मग त्या बोटाकडे निरखून बघत. त्या शुक्रवारीही त्यांनी बघितलं. बोटाला काही लागलं नाही, याचाच त्यांना राग आला असावा.

"माशाचं कॅसरोल आज मी करते," त्या म्हणाल्या. "तू पोरीकडे बघ. हात बघ कसे गार पडलेत तिचे. तुमच्या त्या कॉलेजात लेकराला गुंडाळायला शिकवत नाहीत वाटतं?"

दुसऱ्याच्या घरात बोटं घालू नयेत एवढं मात्र शिकवतात, असं बर्निसच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "बरं, मदर टॉलेफसन," एवढंच सासूला म्हणाली आणि तान्ह्या मोनिकाला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत गेली. कान मात्र तिने स्वयंपाकघरातच ठेवले.

मोनिका पाच आठवड्यांची होती आणि नाताळपासून खोकत होती. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, विस्कॉन्सिनच्या जानेवारीत सगळीच बाळं खोकतात. पण बर्निसला झोप नव्हती. ती पाळण्यावर वाकून श्वास ऐकत राही. पोरीचा अजून बाप्तिस्मा झाला नव्हता. लहानपणापासून बर्निस आपल्या कॅथलिक घरात ऐकत आली होती, की बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळाला स्वर्गाचं दार उघडत नाही. ते कुठेतरी अधेमधे राहतं, आईलाही पुन्हा दिसत नाही. कॉलेजात चार पुस्तकं वाचली म्हणून ती भीती गेली नव्हती, उलट तिला नीट नाव मिळालं होतं.

लग्नाच्या वेळी हॅल्वरने फादर कुलास यांच्यासमोर सही केली होती, की मुलं कॅथलिक होतील. तो स्वतः लुथरन, म्हणजे आईच्या प्रोटेस्टंट पंथाचा. तेव्हा तो बर्निसच्या डोळ्यांत बघत होता, आता आईच्या डोळ्यांकडे बघून बोलत होता. "एवढी घाई काय आहे? वसंतात करू. माचंही मन वळेल." आईला तो मा म्हणे. माचं मन कुठे वळणार ते बर्निसला दिसत होतं. बाप्तिस्म्याचा रविवार दोनदा पुढे ढकलून झाला होता, म्हणून तिने फादरना आज रात्री जेवायलाच बोलावलं होतं. हॅल्वरला समोर बसवायचं आणि रविवार पक्का करून घ्यायचा. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य; ताटात मांस नको, मांसाचा रस्सासुद्धा नको, मासा चालतो. म्हणून ट्यूना: मासा, नूडल्स आणि डब्यातलं घट्ट सूप कालवून भट्टीत भाजलेलं कॅसरोल. फादर येणार ही बातमी गुड्रुनबाईंना कशी कळली देव जाणे, पण सकाळी त्या स्वतःचं भांडं काखेत मारून दारात उभ्या.

ते भांडं अख्ख्या गावाला माहीत होतं. जाड काचेचं, ओव्हनच्या भट्टीत चालणारं, बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने 'जी. टॉलेफसन'. अशी पट्टी सगळ्याच बायका लावत, कारण भांडी घरोघर फिरत आणि नाव वाचून परत येत. कुणाकडे बाळंतीण असो की मयत, आधी भांडं पोचायचं. भांडं कधी रिकामं परत करायचं नाही, हा नियम कॅथलिकांनाही लागू होता आणि लुथरनांनाही. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही चर्चांचं एकमत होतं.

दुपारी हॅल्वर कागदाच्या गिरणीतून आला. गुड्रुनबाईंनी हात पुसले.

"मला घरी सोड. कोंबड्यांना दाणे घालते आणि तुमच्या पाद्र्यासाठी बरे कपडे घालून येते. ए, ऐकतेस ना? वर वेफर्स चुरून घातलेत. जेवणाच्या तासभर आधी भट्टीत सरकव. चमचा खुपसून ढवळाढवळ करू नकोस."

"नाही करणार."

"तू करतेस. म्हणून सांगतेय."

त्या एवढ्या खुशीत होत्या, की जाताना त्यांनी मोनिकाच्या टाळूवरून हात फिरवला. सासूचा राग बर्निसच्या अंगवळणी पडला होता, पण ही खुशी नवी होती.

गाडी वळणाआड गेल्यावर ती बाळाच्या बाटलीसाठी आटवलेल्या दुधाचा डबा घ्यायला कपाटाशी गेली. दुधाच्या डब्याशेजारी मश्रूमच्या घट्ट सूपचा डबा उभा होता. बुधवारी तिनेच आणून ठेवला होता, आज कॅसरोलमध्ये घालायला. तिथेच होता, तोंड न फोडलेला.

मग त्या भांड्यात काय घातलं?

तिने कचऱ्याची बादली उघडली. वरच ट्यूनाचे दोन रिकामे डबे, उघडेवाघडे. त्याखाली कॉफीचा चोथा. चोथ्याखाली कालच्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते सोडवलं. चिकनच्या सूपचा डबा. तिच्या घरात असा डबा नव्हताच. तो सासूच्या पर्समधून आला होता.

ती स्टुलावर बसली. चूक असेल, असं तिने प्रामाणिकपणे म्हणून बघितलं. पण चुकून वापरलेला डबा कुणी वर्तमानपत्रात गुंडाळत नाही. माशाच्या दोन डब्यांना नाही गुंडाळलं, हाच तेवढा लाजरा होता होय?

आता तिला त्या खुशीचा अर्थ लागला. फादर जेवतील, दुसऱ्यांदा वाढून घेतील, आणि मग गुड्रुनबाई सांगतील. हॅल्वरकडे बघून सांगतील.

हॅल्वरला आधी सांगावं? त्याचं उत्तर तिला त्याच्याच आवाजात ऐकू आलं: "अगं, चष्म्याशिवाय माला दिसतं का? चुकून झालं असेल." मग तो मूग गिळून बसेल, रविवार पुन्हा पुढे जाईल, आणि मोनिका पाळण्यात खोकत राहील. अंडी करून वाढावीत? म्हणजे 'सासूच्या हातचं फेकून दिलं' ही कथा उद्या सकाळपर्यंत नदीपलीकडच्या शेतांपर्यंत पोचेल.

नाही. हॅल्वरने ते आईच्याच तोंडून ऐकायला हवं होतं, आणि अख्खं ऐकायला हवं होतं.

बर्निसने बाही वर सारली. सासूचं मिश्रण तिने आपल्या भाजायच्या पातेल्यात काढलं, झाकण घातलं आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. तिथे थंडी अशी होती, की ओला हात कडीला चिकटावा. अन्न टाकायचं तिच्या जिवावर आलं असतं, आणि ते तिला लागणारही होतं. मग तिने नूडल्सचं उरलेलं अर्धं पाकीट उकळलं. शुक्रवार पाळणाऱ्या घरात ट्यूनाचा जास्तीचा डबा असतोच. मटार होते, कांदा होता. मश्रूमचं सूप तिने चाळणीतून घासून गाळलं. मश्रूमचा काळा कण दिसला तर सगळाच डाव फसायचा. मोनिका रडत होती. "थांब ग राणी," ती म्हणत होती, "तुझंच काम करतेय." दूध घालून सगळं कालवलं, सासूचं भांडं धुऊन पुसून लोणी लावलं, मिश्रण पसरलं. वेफर्स मात्र पाकिटाच्या तळाशी राहिले होते तेवढेच. तिने ते पुरवून पुरवून घातले.

गुड्रुनबाई निळा पोशाख घालून परतल्या तेव्हा भांडं भट्टीत होतं. त्यांनी दार उघडून डोकावलं.

"वेफर्स एवढे कमी कसे?"

बर्निस बाळाचा लंगोट बदलत होती. तिने मान वर केली नाही. "मला नाही कमी वाटत."

"मी भरपूर घातले होते."

"मग मी खाल्ले असतील, मदर टॉलेफसन. तुम्ही म्हणताच ना, मी खादाड आहे म्हणून."

हॅल्वर हसला. गुड्रुनबाईंनी दार धाडकन लावलं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

फादर कुलास आले, बुटांचा बर्फ दारात झटकला, बाळाच्या हनुवटीला हात लावला. प्रार्थना झाली. गुड्रुनबाईंनी स्वतः उठून त्यांना वाढलं. बर्निसच्या लग्नापासून त्यांनी या घरात कुणाला हाताने वाढलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. स्वतःच्या ताटात मात्र चमचाभर घेतलं आणि त्यालाही शिवल्या नाहीत. त्या फादरांच्या काट्याकडे बघत होत्या. बर्निस त्यांच्याकडे बघत होती. हॅल्वर जेवत होता.

"आणखी, फादर?"

"नको म्हणवत नाही. माझी आई असंच करायची."

दुसरं वाढणं संपलं. गुड्रुनबाईंनी रुमालाची घडी घातली.

"आवडलं?"

"फार."

"चिकनचं आहे."

फादरांना कळलं नाही. "ट्यूना ना?"

"वर ट्यूना, आत चिकन. अख्खा डबा ओतलाय मी चिकनच्या सूपचा. शुक्रवारी! दोनदा वाढून घेतलंत तुम्ही. बघा, छप्पर आहे ना जागेवर? कोसळलं नाही?" त्या वळल्या. त्यांचा चेहरा तापला होता. "बघितलंस, हॅल्वर? ही यांची पापं. डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय यांना पाप झालेलंही कळत नाही, आणि असल्यांच्या हाती तू माझी नात देणार? यांच्या बाप्तिस्म्याच्या पाण्याने काय होणार आहे? सूपने जे झालं तेच!"

"मा," हॅल्वर म्हणाला. त्याचा काटा हवेतच होता. "मा, तू मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम नाही तर काय! तुझे डोळे कुणीतरी उघडायला नकोत?"

फादरांनी काटा हळूच खाली ठेवला. "नकळत खाल्लं त्याचं मला काही लागत नाही, मिसेस टॉलेफसन. पण एका बाईच्या घरी येऊन, तिच्याच टेबलावर..."

"त्यांना बोलू द्या, फादर," बर्निस म्हणाली. "झालं का, मदर टॉलेफसन? अजून काही?"

"झालं."

बर्निस उठली आणि दोन रिकामे डबे आणून टेबलावर ठेवले. एक चिकनचा, कॉफीच्या चोथ्याने माखलेला. दुसरा मश्रूमचा, धुतलेला.

"हा तुमचा. हा माझा. फादर जेवले ते माझ्या डब्यातलं. तुमचं पडवीत आहे, झाकून ठेवलंय. हवं तर गोठून कसं दिसतं ते बघा."

"खोटं बोलते ही!"

हॅल्वर उठला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, थंडीचा एक लोट आत आला, पातेल्याचं झाकण वाजलं. तो परत आला तेव्हा बोटाला लागलेलं काहीतरी चाटून बघत होता. त्याला ती चव लहानपणापासून ओळखीची होती.

त्याने आईकडे बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"फादर," तो म्हणाला, "रविवारी किती वाजता आणायचं मोनिकाला?"

"मोठ्या प्रार्थनेनंतर."

"येतो आम्ही." मग आईला म्हणाला, "कोट घाल. सोडतो तुला."

"माझं भांडं," गुड्रुनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण वाकला नव्हता. "माझं भांडं दे."

बर्निस भांडं घेऊन आत गेली. उरलेलं तिने बशीत काढलं, भांडं घासलं, कोरडं केलं. भांडं रिकामं परत करायचं नसतं. ती पडवीत गेली, पातेल्यातलं अर्धवट गोठलेलं मिश्रण डावाने उचकटून भांड्यात भरलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि दारात उभ्या असलेल्या सासूच्या हातात दिलं.

"उद्या शनिवार, मदर टॉलेफसन. उद्या खायला काहीच हरकत नाही."

गुड्रुनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "वाटलं होतं तू मऊ आहेस," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.

फादर गेल्यावर आणि गाडी परतल्यावर हॅल्वर कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुला दुपारीच कळलं होतं."

"हो."

"मला सांगता आलं असतं. फादरना फोन करता आला असता. तू तिला बोलू दिलंस. भरल्या ताटावर, त्यांच्यासमोर."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

तो काय म्हणाला असता हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यामुळे त्याचा राग कमी झाला नाही. उलट बूट काढताना त्याने एक भिंतीवर आपटला. बाळ दचकलं आणि खोकायला लागलं, आणि बर्निस धावली.

रविवारी मोनिकाच्या टाळूवर पाणी पडलं. ती रडली नाही. बर्निसने कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला. चर्चात टॉलेफसनांच्या घरातलं हॅल्वरशिवाय कुणी आलं नव्हतं. तो हातात टोपी घेऊन उभा होता, आणि फादरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या वेळी त्याची नजर मागच्या दाराकडे जात होती.

घरी आले तर पायरीवर, बर्फात, ते काचेचं भांडं. घासून लखलखीत केलेलं. आणि रिकामं.

हॅल्वरने ते उचललं आणि सवयीने उलटं करून बघितलं. बुडाची चिकटपट्टी सोलून काढलेली होती. गोंदाचा एक पिवळट चौकोन राहिला होता तेवढाच.

"माची आजी नॉर्वेहून आली तेव्हापासून आमच्या घरात भांड्यांवर नाव असतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"आत आण," बर्निस म्हणाली. "गारठशील."

तो तिथेच उभा राहिला. तिने बाळाचं तोंड शालीने झाकलं, त्याच्या बाजूने वाट काढून दार उघडलं आणि आत गेली.