हिरवा दगड संपला

साखरशेतची रामी खाणीवर आली ती भावाच्या घराला कंटाळून. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती माहेरी परतली होती. भाऊ ढवळू कधी वावगं बोलला नाही, वहिनीही बरी होती. पण पाच वर्षं रामीनं त्यांचं पाणी वाहिलं, त्यांची शेरडं राखली आणि सगळ्यांच्या मागून जेवली. त्या घरातलं एक मडकंसुद्धा तिचं नव्हतं.

त्याच सुमारास खोडाळ्याच्या वरच्या डोंगरात एका गोऱ्या साहेबाला खडकात हिरवी रेघ दिसली. विलायतेत लढाई पेटलेली, तांब्याला मागणी. साहेबानं जव्हारच्या दरबारातून परवाना आणला, आणि जिथं कारवीशिवाय काही उगवत नव्हतं तिथं दोन हिवाळ्यांत ऐंशी झोपड्या उभ्या राहिल्या. लोहाराची भट्टी आली, वाण्याचं दुकान आलं, साहेबाला पत्र्याचा बंगला झाला.

गडी सुरुंग लावायचे. बाया फुटलेला दगड हातोडीनं बारीक करायच्या आणि हिरवा एकीकडे, काळा एकीकडे टाकायच्या. रामीनं आपली झोपडी स्वतः उभी केली, स्वतः सारवली. शेजारी मोखाड्याकडची चैती राहायची. दोघींच्या मधला कूड इतका पातळ, की आपापल्या चुलीपुढे बसून त्या बोलत असायच्या. संध्याकाळ झाली की सगळीकडे धूर, भांडणं, पोरांची रडारड, कुणाचं तरी गाणं. रामीला तो गलका फार आवडायचा.

तिसऱ्या वर्षी शिमगा जवळ आला आणि तिच्या जिवाला घोर लागला. आधी दिवसाला चार टोपल्या हिरवा निघायचा, आता एक भरेना. काम टाकून ती मधूनच उठायची, खाणीच्या तोंडाशी जाऊन वर येणारा दगड बघायची, परत येऊन बसायची. शेवटी तिनं मुकादमाला, पोश्याला, गाठलं.

"हिरवा येत नाय, मुकादम."

"खाली हाय. साहेब सांगतो अजून खाली हाय."

"तीन पुरुष खोल खणलात. काळाच येतो."

पोश्यानं इकडंतिकडं पाहिलं. "हे आणखी कुणाला बोलू नको," तो म्हणाला, आणि रामीला कळलं की त्यालाही ठाऊक आहे.

तिनं चैतीला तेवढं सांगितलं. चैती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग दुसरीकडं जाऊ. खडक काय इथंच हाय?" रामीला तिचा राग आला. ती दोन दिवस चैतीशी बोलली नाही.

शिमग्यानंतर साहेब मुंबईला गेला तो परतलाच नाही. एका सकाळी सुरुंग वाजला नाही. बाया हातोड्या घेऊन दुपारपर्यंत बसून राहिल्या. मग पोश्यानं येऊन सांगितलं, काम बंद. आठ दिवसांत गाड्या लागल्या. बंगल्याचे पत्रे गेले, भट्टीचा भाता गेला, दुकान गेलं. लोकांनी झोपड्यांच्या मेढी उपटून खांद्यावर घेतल्या आणि आपापल्या पाड्याची वाट धरली. चैती कसाऱ्याकडे निघाली, तिथं रेल्वेसाठी खडी फोडायचं काम निघालं होतं. "येतीस का?" तिनं विचारलं. रामीनं नाही म्हणून मान हलवली.

ढवळू न्यायला आला. "चल घरा, रामे. येथ आता कोण हाय?"

"माझं घर हाय."

 आणलेलं नाचणीचं गाठोडं आत ठेवून तो उतरून गेला.

पहिले दोन दिवस रामीला आपण जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं चैतीचं अंगण झाडलं. चौथ्या दिवशी लोहाराचं, वाण्याचं, ज्यांच्याशी कधी बोललीही नव्हती त्यांचंसुद्धा. चूल पेटवायची आणि भाकरी तव्यावर टाकून बाहेर यायची, भाकरी करपायची. सगळा डोंगर तिचा होता आणि तिला तो नको होता. दाराला कडी लावायची ती कुणापासून? इतके दिवस आपण घरासाठी जीव टाकतोय असं तिला वाटलं होतं. ती भुकेली होती माणसांच्या आवाजाला, आणि तो तर गाड्यांमागून केव्हाच गेला होता.

दहाव्या दिवशी तिनं नाचणी, तवा आणि हातोडी बांधली आणि खोडाळ्याच्या बाजारात उतरली. साखरशेतकडे जाणारी माणसं भेटली. त्यांच्याकडे तिनं भावाला निरोप दिला, की मी बरी आहे, कामाला चालले. मग कसाऱ्याची वाट विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती पोचली. रुळांच्या कडेला झोपड्यांची रांग होती, खडीच्या ढिगांवर बाया बसल्या होत्या. चैतीनं तिला लांबूनच ओळखलं आणि सरकून जागा केली.

"किती दिवसांचं काम हाय?" रामीनं बसायच्या आधीच विचारलं.

"मुकादम सांगतो दोन वर्षांचं."

रामीनं समोरच्या डोंगराकडे पाहिलं, किती खडक उरलाय त्याचा अंदाज घेतला. तिला तो दोन वर्षं पुरेलसा वाटला नाही.  तरी तिनं गाठोड्यातली हातोडी सोडून घेतली आणि पहिला दगड पुढ्यात ओढला.