डोमाजीची फेरणी

डोमाजींना जाऊन महिना व्हायचा होता, तेव्हा रेणू कॅम्पच्या भोजनघरावर चढली.

कोंढ्याच्या काकांनी आधीच सुनावलं होतं, "बाप जाऊन महिना नाई झाला अन् पोरगी दुसऱ्याइच्या छपरावर चढून राहिली. लोकं काय म्हणतीन?" रेणूनं ऐकून घेतलं आणि खुंटीवरची बाबांची दोरी काढली.

कॅम्प म्हणजे गावाबाहेर, तलावाच्या पाळीखालची मिशनची जागा. एक प्रार्थनाघर, मुलांच्या राहायच्या दोन खोल्या आणि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, लांबच लांब भोजनघर. मे महिन्यात मुलांचं शिबिर सुरू व्हायच्या आधीचा आठवडा कामाचा. नागपूरहून चर्चची माणसं येत, भिंतींना चुना लावत, विहीर उपसत, मोडक्या बाकांना खिळे ठोकत. पगार कोणालाच नाही. गोंदिया वेगळा होऊन भंडारा अर्धा उरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून डोमाजीही येऊ लागले. ते ख्रिस्ती नव्हते, पुढेही झाले नाहीत. गावात कोणी "डोमा पाद्री झाला का रे?" म्हणून डिवचलं, की ते म्हणत, "त्याइले कवेलू फेरता येत नाई. मले येते."

फेरायचं म्हणजे सगळी कवेलू उतरवायची, फुटकी काढायची, पालापाचोळा झाडायचा आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा रचत जायचं. सतरा उन्हाळे त्यांनी ते केलं.

यंदा अंगणात निळे पत्रे येऊन पडले होते.

"डोमाभाऊ होते तोवर ठीक होतं," शिबिराची व्यवस्था बघणारे अश्विन साळवे सर म्हणाले. "आता दरवर्षी कोण फेरणार, ताई?"

"मी."

"तुम्ही लाखनीला कॉलेजची लायब्ररी बघता."

"मे महिन्यात कॉलेज बंद असतं."

"पण बाईमाणूस छपरावर…"

"वाक्य पूर्ण करा, सर."

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "गुरुवारी दुपारी दारं लावून बघू. आत एक जरी उजेड दिसला, तर शुक्रवारी पत्रे चढतील. रविवारी मुलं येताहेत."

"ठीक आहे," रेणू म्हणाली.

दारं लावून बघायची ही रीत बाबांचीच. भर दुपारी भोजनघर बंद करायचं. अंधारात छपराला जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे पाणी गळणार. रेणू खालून लांब बांबूनं त्या कवेलूवर ठकठक करायची, बाबा वरून ते सारखं करायचे. हे छप्पर तिला पाठ होतं, पण ते खालून. वरून ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ काम चाललं. मोनिका नावाची नागपूरची नर्स शिडीवर उभी राहून कवेलू वर देत होती. "ताई, माझ्या आईला सांगू नका हं. तिला वाटतं मी इथे बसून प्रार्थना करतेय." स्वयंपाकघराच्या दारातून, बारमाही कॅम्पवरच राहणाऱ्या बेबीबाईंची देखरेख होती. "पोरी, फाट्याच्या लाकडावर पाय दे, कवेलूवर नोको देऊ. तुया बापाले वजन नोतं, तुले हाये."

बुधवारी दुपारी मोनिका दारं लावून बांबू घेऊन आत बसली. आधी अकरा ठिपके निघाले, मग चार, मग एकच. वाढायच्या ओट्याच्या बरोबर वर. मोनिकानं ठकठक केलं.

रेणूला ती जागा माहीत होती. दरवर्षी ती तिथे ठोकायची आणि वरून काहीच व्हायचं नाही. एकदा तिनं ओरडून सांगितलं होतं, "बाबा, एक राहिलं." बाबा म्हणाले होते, "राहू दे." ते दमले असतील, असं तिनं तेव्हा धरून घेतलं होतं.

तिला ते राहू द्यायचं नव्हतं. एक कवेलू आडवं पडलं होतं. ते घट्ट अडकलेलं होतं, म्हणून बाकीची उतरवताना आणि वरची ओळ लावताना तिनं त्याला हात लावला नव्हता. आता तिनं ते सरळ केलं.

वरची अख्खी ओळ सुटली. अठरा कवेलू घसरत अंगणात गेली, त्यातली दोन निळ्या पत्र्यांवर आदळली. कोणाला लागलं नाही. सगळे धावत बाहेर आले.

रेणू उघड्या पडलेल्या जागेत वाकून बघत राहिली. खालची मयाल, म्हणजे छपराचं आडवं लाकूड, तिथे चार बोटं खचली होती. वरची ओळ घसरू नये म्हणून बाबांनी ते एक कवेलू आडवं अडकवलं होतं. ते आडवं ठेवायचं, तर फट राहणारच. सतरा वर्षं त्यांनी ती सांभाळली होती, आणि का, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"ताई, खाली या," साळवे सर म्हणाले. "झालं आता."

"आपलं गुरुवारचं ठरलंय. आज बुधवार आहे."

संध्याकाळी तिनं आणि मोनिकानं खचलेल्या मयालीला खालून एक खांब टेकवला. मग रेणूनं ओळ पुन्हा रचली, आणि ते कवेलू जसं होतं तसंच आडवं ठेवलं.

गुरुवारी दुपारी सर अंगणात आले. रेणू वरच होती, डोक्याला बाबांचा दुपट्टा, पायाखाली ओलं पोतं.

"एक उजेड दिसेल," तिनं वरूनच सांगितलं. "तो तिथेच राहणार. मयाल दिवाळीनंतर सुतार आणून बदलू. तोवर त्या कवेलूला कोणी हात लावायचा नाही."

"मग ठरल्याप्रमाणे पत्रे, ताई."

"चढवा. मी उतरत नाही."

सरांनी वळून माणसांकडे पाहिलं. "चला, कवेलू उतरवायला घ्या."

मोनिका शिडीपाशीच उभी होती. "सर, ही मी तीन दिवस एकेक करून वर दिलीत. खाली घ्यायला मी नाही."

"आपण कामाला आलोय, मोनिका."

"मर्जीनं आलोय, सर. पगारावर असते तर घेतली असती."

बाकीचे आपापल्या चपलांकडे बघू लागले. तेवढ्यात बेबीबाई हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या. "साळवे सर, पत्र्याखाली लेकरं भाजून निघतीन. अन् त्या उजेडाखाली डोमाजी लाल बादली ठेवून जात होता. पाणी पडलं का मी ओतून देत होती."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. तुमी पावसाळ्यात कधी पाहाले आले काय? दोन पत्रे मात्र ठेवून जा, माया सरपणावर टाकाले."

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते एकटेच भोजनघरात गेले आणि त्यांनी एकेक करून दारं लावून घेतली.

 मग रेणूच्या पायाजवळ, त्या आडव्या कवेलूला खालून बांबू लागला. ठक, ठक.

रेणू हलली नाही.

पुन्हा ठक, ठक. या वेळी जरा जोरात.

दोरी कमरेला तशीच ठेवून ती आढ्याला पाठ टेकून बसली. समोर तलावाचं पाणी पार तळाला गेलेलं दिसत होतं.

तिसऱ्यांदा बांबू लागला नाही. एक दार उघडलं.

"बेबीबाई," आतून सरांचा आवाज आला, "ती बादली कुठे असते?"