सासूबाईंचं नरसाळं

"अहो, बाटली खुर्चीखाली ठेवलीय. नरसाळं तिच्यातच खोचलंय. ऐकताय ना?"

रोमिन बायकोचं, लोशाचं, ऐकत होता, पण तसं दाखवत नव्हता. गुलाबी फुलं विणलेला नवा अंगरखा घालून तो दारातून खालच्या वाटेकडे बघत उभा होता. डाव्या पायाचा अंगठा गेल्या वर्षी साखरेने नेला होता. तिथे चपलेत चिंधी कोंबलेली होती.

"नरसाळं म्हाताऱ्यांचं," तो म्हणाला. "दारू झेपत नव्हती त्यांना. कोला काय, पोरंसोरंही पितात. मंडळी हसतील मला."

"हसू देत. उद्या पाय कापायची वेळ आली तर मंडळी येणार नाहीत सोबतीला."

आज आंतुन आपल्या मुलासाठी, चेपसाठी, त्यांच्या मुलीला, पाश्कूला, मागणी घालायला येणार होता. मेक्सिकोतल्या सिनाकांतानच्या डोंगरात मुलीच्या बापाने पाहुण्यांच्या हातचा पेला घेतला की मुलगी दिली. नाकारला की नाही दिली. यापूर्वीची स्थळं पाश्कूने नाक मुरडून परत पाठवली होती. हा चेप मात्र तिच्या मनात भरला होता. सकाळपासून ती मक्याच्या भाकऱ्या भाजत होती आणि एकेक करपवत होती. लोशाला एरवी तिला झापायला आवडलं असतं, पण आज तिचं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

पूर्वी अशा बैठकीत उसाची दारू फिरायची. ज्याला झेपत नसे तो पेला ओठांना लावायचा आणि नरसाळ्यातून आपल्या बाटलीत ओतायचा. मानही राहायचा, माणूसही उभा राहायचा. लोशाच्या सासूबाईंनी हे टिनाचं नरसाळं जन्मभर जवळ बाळगलं. सासऱ्यांनी त्याला कधी हात लावला नाही, आणि ते ऐन उमेदीत दारूपायी गेले. मग दारूच्या जागी कोला आला. केवढा आनंद झाला होता बायकांना! लोशाने स्वतः देवळात मेणबत्त्या लावल्या होत्या. नरसाळं चुलीवरच्या खुंटीला गेलं, ते धुराने काळं होईस्तोवर कुणाला आठवलंही नाही.

आणि आता दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, रोमिनला गोडाचा थेंब नको.

"मेक्सिको शहरातल्या साहेबांनी या गोड पाण्यावर कर बसवलाय, लोशाबाई," त्या म्हणाल्या होत्या. "महागलं की लोक आपोआप कमी पितील. बरं, तुमचंही रक्त तपासू या का?"

"माझं? पुढच्या खेपेला बघू."

मागावर गुडघे टेकून बसलं की तिच्या पायाच्या बोटांत मुंग्या येत आणि बराच वेळ जात नसत. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरात एक आजारी पुरे होता. पण तो कर मात्र तिने मनाशी घट्ट धरून ठेवला होता. महागाईत आंतुन आणून आणून किती आणणार?

वाटेवर माणसं दिसली. पुढे आंतुन, मागे पाठीवर कोलाच्या पेट्या घेतलेले त्याचे भाऊ, त्यांच्यामागे आणखी पेट्या. भिंतीशी रचता रचता त्या पार आढ्याला टेकल्या.

"कर लावला म्हणे!" आंतुन घाम पुसत म्हणाला. "लावेनात का. चेपच्या मागणीला आंतुनने हात आखडला, असं कुणी म्हणायला नको."

महागलेला कोला आता जास्तच मानाचा झाला होता. साहेबांना हे स्वप्नातही सुचलं नसेल.

चेप ओतायला लागला. पहिला पेला रोमिनकडे आला.

"घेतो, दादा," रोमिन म्हणाला.

"घ्या, दादा."

आणि रोमिनने तो घटाघटा रिकामा केला. दुसराही. वर मिशीवरून जीभ फिरवली. लोशा चुलीपाशी बसून त्याच्या गळ्याची हालचाल बघत होती आणि एकेक घोट मोजत होती. तिसरा पेला भरला तेव्हा तिला राहवेना. सरपण आणण्याच्या मिषाने ती उठली आणि जाता जाता खुर्चीखालची बाटली पायाने पुढे सरकवली. बाटली टणकन वाजली. सगळ्यांनी पाहिलं.

"हे काय?" आंतुनचा चेहरा पडला. "आमचं गोड लागत नाही वाटतं?"

पाश्कूच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच धुमसत राहिली. चेप पेला धरून अवघडून उभा. रोमिनने आधी बायकोकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मग वाकून त्याने चप्पल काढली, चिंधी बाजूला केली आणि पाय सगळ्यांसमोर ठेवला.

"गोड लागतं, दादा. तेच तर दुखणं आहे. मुलगी दिली तुम्हाला, आनंदाने दिली. राहिलेला पाय तेवढा मला ठेवा. लग्नात उभं राहायचंय."

आंतुन त्या पायाकडे बघत राहिला.

"ओता," तो शेवटी हळूच म्हणाला. "निवांत ओता, व्याही."

व्याही म्हणाला! पाश्कू तोंडाला पदर लावून परसात पळाली. पेले फिरत राहिले, रोमिन ओठांना लावून ओतत राहिला आणि संध्याकाळी बाटली गळ्यापर्यंत भरली.

सकाळी ती तिथेच होती. मानाने घेतलेलं पेय जमिनीवर ओतायचं नसतं. ज्या मुलीसाठी ते आलं, तिच्या संसाराला बाधतं. आल्यागेल्याला पाजून ते संपेपर्यंत थांबायलाही सवड नव्हती, कारण रोमिन उठल्यापासून दुधाकडे टपलेल्या मांजरासारखा बाटलीभोवती घुटमळत होता.

"फेस उतरलाय त्याचा, काही होत नाही थोड्याने," तो म्हणाला.

"शेतातली फुलं तोडायला जा आधी. ऊन चढतंय."

तो लंगडत गेला. परसात पाश्कू गुणगुणत धुणं धूत होती. लोशाने दाराकडे पाठ केली, पेला भरला आणि रिकाम्या खुर्चीपुढे किंचित मान लववली.

"घेते," ती म्हणाली.

कोला कोमट होता. एक पेला झाला, दुसरा झाला, बाटली रिकामी होईपर्यंत ती थांबली नाही. पायाच्या बोटांत मुंग्या आल्या होत्या, त्या तिने दुसऱ्या टाचेने घासून काढल्या. मग नरसाळं राखेने लख्ख घासलं आणि दाराजवळ, हाताला येईल असं टांगलं. लग्नाआधी आंतुन पुन्हा येणार होता, पेट्या घेऊन.