जोड दिलेला पट्टा

शनिवारी दुपारी बाबा गॅरेजमध्ये चढती सीट घेऊन बसले होते. झाडावर बसून हरणाची वाट पाहायची ही सीट दोन भागांत असते, वरचा बसायचा आणि खालचा पाय ठेवायचा. खोडाला वेढा घालून आधी एक वर सरकवायचा, मग दुसरा, असं करत माणूस वर जातो. बाबांचे शिकारीतले सोबती डोनल यांनी ती दिली होती. त्यांच्या भावानं कधीतरी बॉस्टनहून आणलेली. लोखंडावर लोखंड वाजलं की हरीण पळतं, म्हणून बाबा सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक नळीवर चढवत होते. मी वॉटरफोर्डहून सुट्टीला आले होते, त्यामुळे ट्यूब ताणून धरायचं काम माझ्याकडे.

"इरा, नखं सांभाळ. एखादं तुटलं तर तुझी आई मला झाडावर चढू देणार नाही."

"चढा की," आई आतून म्हणाली. "घरात तेवढीच शांतता."

अडचण एकच होती. पाय निसटलाच तर लटकून राहावं म्हणून अंगात हार्नेस घालतात. त्याचा झाडाभोवती बांधायचा पट्टा आखूड पडत होता. बाबांचं मन ज्या ओकवर बसलं होतं त्याचं खोड फार जाड. नवा पट्टा मागवला होता, पण तो आला नव्हता आणि हंगाम तर सुरू झाला होता. बाबांनी सामान बांधायच्या पट्ट्याचा तुकडा कापला आणि आईच्या शिलाई मशीनवर नेऊन ठेवला.

आईनं तो बोटांत फिरवून पाहिला. "तुमच्या प्लँटवर चालतं का असलं?"

बाबा रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे तपासायचे आणि जराही शंका आली तर कात्री लावायची, हे त्यांचं रोजचं काम.

"प्लँटवर उभ्या उभ्या कापून फेकला असता. पण प्लँटवर सुलेखाबाई नाहीत ना शिवायला."

"पुरे. दोरा कुठला घालू?"

"असेल तो जाडातला."

आईनं जीन्सचा दोरा ओवला, चौकोन शिवला आणि त्यात फुली मारली. सुई दोनदा मोडली. मग बाबा गॅरेजच्या तुळईला पट्टा बांधून लटकले आणि पाय हलवत राहिले. जोड टिकला. आईनं तोंड फिरवलं, पण ती हसत होती. संध्याकाळी आम्ही पिठलं-भात खाल्ला.

रविवारी सकाळी पावसानं भिजलेल्या सालीवरून सीटचा खालचा भाग निसटला. बाबा झाडाखाली सापडले ते डोनलना.

दहनाच्या दिवशी डोनल टोपी हातात घेऊन आईसमोर उभे राहिले. "सीट माझी होती," एवढंच म्हणाले. आईनं वर पाहिलं नाही. नंतर बाहेर, गाड्यांच्या मागे, त्यांनी मला सगळं सांगितलं. सीट शाबूत होती, हार्नेसही. उसवली होती ती घरची शिवण.

"आईला सांगू नकोस," ते हळू इंग्रजीत म्हणाले. "तिला माझा राग करू दे. या वयात मला तो झेपेल."

मी सांगितलं नाही. आई पुण्याला फोनवर सांगे, शेजारी सांगे, दुकानात भेटेल त्याला सांगे: त्या म्हाताऱ्यानं भंगार गळ्यात मारलं. त्या रागावर ती सकाळी उठायची, आंघोळ करायची, डबा भरून कामावर जायची. तो तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. डोनल तरुणपणापासून ज्यांच्या रानात शिकारीला जात होते त्या शेतकऱ्यांनी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. तेव्हाही खरं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कॉरोनरच्या, सुनावणीची तारीख लागली. आदल्या दिवशी गार्डचा, म्हणजे इथल्या पोलिसाचा, मला फोन आला. अहवालात शिवणीचा उल्लेख आहे, तो सगळ्यांसमोर वाचला जाईल, तुमच्या आईंना कल्पना आहे ना?

कोर्टासमोर मी गाडी लावली. आईनं इस्त्रीची साडी नेसून वर कोट घातला होता.

"आज सगळ्यांसमोर बोलणार आहे मी. इंग्रजी अडलं तर तू सांग." तेवढ्यात तिला पायऱ्यांवर डोनल दिसले. "बघ. सूट घालून आलाय. लाज कशी नाही वाटत?"

"आई, थांब जरा."

"नंतर बोल."

तिचा हात दाराकडे गेला. मी दारं लॉक केली. हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात जुळवत होते. कधी ते मवाळ असायचं, कधी सगळं बाबांवर ढकलणारं. आता त्यातलं काहीच हाताशी नव्हतं.

"इरा, दार उघड."

"आई, डोनलच्या सामानातलं काही तुटलं नाही. पट्टा उसवला. तू जोड दिला होतास तिथं."