मोगरा जास्त आणजो

"मोगरा जास्त आणजो बाई," आई फोनवर म्हणाली होती. "पाळण्याले लागते, आन् आणखी बी लागते."

आणखी कशाला, ते आचलनं विचारलं नाही. फुलांच्या धंद्यातल्या बाईला असं विचारायची सवयच नसते. जठारपेठेतल्या आपल्या दुकानात पहाटेपासून बसून तिनं कळ्या ओवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि अकोल्याहून अमरावतीची बस धरली. मांडीवर मोगऱ्याची पाटी, पिशवीत आईच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं.

परत येताना मांडीवर पाटी नसणार होती. लेकरू असणार होतं.

भाऊ खुशाल आणि भावजय सीमा यांना पियुष होताच. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सीमा आपणहून अकोल्याला आली, दुकानातल्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "आचलताई, हे तुमचं. बारशाच्या दिवशी तुमच्या ओटीत घालतो."

आचलला तेव्हा हातातली सुई कुठं ठेवावी ते सुचलं नव्हतं. मुलगा म्हणून जन्मलेली आचल विशीत बाई म्हणून जगू लागली, मग ऑपरेशन करून घेतलं. आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, पुढं मूल हवं असेल तर बी आत्ताच गोठवून ठेवता येईल, नंतर इलाज नाही. ती हसली होती. बाप कुणाला व्हायचं होतं? बापाचं बी जपूनही आई होता येतं, हे तिला तेव्हा उमगलं नाही, आणि जवळ बसवून कुणी सांगितलं नाही. पुढं काही वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं, आता शरीरात ते काही उरलेलं नाही. दत्तक घ्यायला म्हणून खेटे घातले, तर तिथली माणसं तिला बघून एकमेकांकडं बघत.

अशात सीमाचा शब्द आला. सीमाला कवठ खावंसं वाटलं की इकडं आचलच्या तोंडाला पाणी सुटे. सीमाचे पाय सुजले की आचल आपलेच पाय चेपत बसे. भाड्याच्या खोलीत तिनं छताला झोळीसाठी कडी ठोकून घेतली. कळ्या ओवताना ओठांवर आपसूक यायचं,

कळी कळी ओवू बाई, दोर राहिला रिकामा
ये गं चांदणी उतरून, माझ्या मांडीशी मुक्कामा

अमरावतीला, राजापेठेतल्या भावाच्या घरात बायका जमल्या होत्या. कूलर घरघरत होता, तरी सगळ्या पदरानं वारा घेत होत्या.

"आली का वो माय? उशीर काऊन केला?" आई, पार्वताबाई, दारातच म्हणाली.

"बस पंक्चर झाली."

"मले वाटलं आनंदाच्या भरात वाटेत मूर्तिजापुरातच उतरली."

चुलतबहीण गीतांजली कोपऱ्यातून ओरडली, "हे पाह्य आचल, तू आई झाली म्हणून आत्या मले केलं. नाव मी ठेवायचं, आन् पाठीत बुक्के बी मीच खायचे! पोट्टी तुले, मार मले, हा कुठचा न्याय वो?"

बायका हसल्या. आचलही हसली. आई झाली, असं आज पहिल्यांदाच कुणी चारचौघांत म्हटलं होतं.

पार्वताबाईनं अर्धा मोगरा पाळण्याला दिला, अर्धा परडीत घेऊन आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. थोड्या वेळानं आचल दुपटं दाखवायला म्हणून आतल्या खोलीत गेली.

सीमा खाटेवर बसली होती. छातीशी फडकं आवळलेलं, आणि फडक्याखाली मोगरा. आचलनं पहाटे ओवलेला. कोपऱ्यात पाटीभर कालची फुलं पडली होती, तपकिरी, चिकट. मोगऱ्याच्या वासात आंबट दुधाचा वास मिसळला होता.

"मामीजी म्हणते, मोगरा बांधला का दूध आटते," सीमा म्हणाली. सासूला ती मामीजीच म्हणायची. "कालपासून बांधून राहिली. आटूनच नाही राहिलं." ती हसायला गेली.

बाहेर लेकरू रडलं. बघता बघता सीमाच्या छातीवरचं फडकं भिजलं, कळ्यांतून थेंब ओघळला. सीमा उठली नाही. खाटेचा माचवा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"जा ताई, तुमाले बलावून राहिली ते. मले सवय कराले पाह्यजे."

"सीमा, तुह्या मनात काय हाय?"

"मी शब्द देल्ला."

"मी शब्दाचं नाही विचारलं."

"मंग नका विचारू ना, ताई."

आचलनं दुपट्याची घडी पुन्हा घातली. घडी बरोबर होती, तरी पुन्हा घातली.

पाळण्याच्या एका बाजूला सीमा उभी राहिली, दुसऱ्या बाजूला आचल. देवाची नावं घेत एकीनं लेकरू पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं घ्यायचं आणि वरून परत द्यायचं. सीमानं दिलं. आचलनं घेतलं. गरम, मऊ, शेकलेल्या अंगाचं ते ओझं छातीशी आलं आणि तोंड वळवून तिच्या ब्लाऊजला चाचपू लागलं. त्या पोरीला काही ठाऊक नव्हतं. आचलचं सगळं अंग त्या इवल्या तोंडापाशी गोळा झालं.

तिनं मान वर केली. पलीकडं सीमाचा पदर भिजून अंगाला चिकटला होता. हात मात्र शिस्तीत पाळण्याच्या कडेवर ठेवलेले. ती मागणार नव्हती. मेली असती तरी मागणार नव्हती.

"चला वो, नाव ठेवा! आत्या कुठी हाय?" एक बाई म्हणाली.

गीतांजली पदर सावरत उठली.

"गीते, बस तू," आचल म्हणाली. "आत्या मी हाओ."

पार्वताबाई पुढं आली. "अवं, काय बोलून राहिली? तू तर आई..."

"सख्खी आत्या असताना चुलत काऊन?"

 सीमाचा एक हात पाळण्याच्या कडेवरून सुटला आणि तसाच हवेत राहिला.

आचलनं पोरीला पाळण्यात ठेवलं, दुपटं पांघरलं, वाकून कानाशी तोंड नेलं. नाव ती आधी बोलली नाही. आधी म्हणाली, "मी तुही आत्या." स्वतःला ऐकू यावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाली. मग अकोल्याच्या त्या खोलीत, कडीखाली उभं राहून किती वेळा हाकारलेलं नाव तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जुई."

आता बुक्क्यांची वेळ. बायका थबकल्या. आचलच्या पाठीला आजवर कुणी असा हक्कानं हात लावला नव्हता. गीतांजलीनंच पहिला घातला, "घे आत्याबाई!" मग सगळ्या तुटून पडल्या. आचल वाकलेलीच राहिली, पाळण्याच्या दोरीला धरून, आणि तिचे डोळे वाहू लागले.

"अवं, जोरात बसला का?"

 सीमानं रडतं लेकरू उचललं होतं आणि आत नेलं होतं. आतून फडकं सुटल्याचा आवाज आला, मग रडणं एकदम थांबलं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर पाटीच होती. सीमाच्या छातीवरून उतरलेला मोगरा आईनं उकिरड्यावर टाकायला काढला होता, तो आचलनं मागून घेतला.

"फुलं तर सुकली वो बाई," शेजारची म्हातारी म्हणाली. "कायले नेऊन राहिली?"

आचलनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, फुलांवर शिंपडलं आणि फडकं झाकून पाटी पोटाशी धरली.